मधल्या बांधावरच्या माश्या

२ जानेवारी, शुक्रवार

ही डायरी यादवला खताच्या दुकानात फुकट मिळाली. यादव म्हणजे माझा मुलगा. त्याचं सगळं मोबाईलमध्ये असतं, म्हणून डायरी घरात लोळत होती. मला अक्षर येत नाही. तेव्हा मी बोलणार नि नात संजना लिहिणार, असं ठरलं. ती निफाडच्या कॉलेजात जाते, हात भराभर चालतो. अट एकच घातली, मी बोलते ते धुऊन-पुसून लिहायचं नाही. तर म्हणते, "आजी, तू शिव्या दिल्यास तर?" म्हटलं, "त्या आधी लिही. बाकीचं राहिलं तरी चालेल."

आजची बातमी अशी, की डोंगळ्यांना, म्हणजे बियाला लावलेल्या कांद्यांना, दांडे सुटले. बी धरायचं तर कांदा पुन्हा मातीत पुरावा लागतो. त्याला कमरेएवढा दांडा येतो, दांड्यावर पांढरा गोंडा फुलतो नि गोंड्यात काळं बी भरतं. संजनाला हे माहीत आहे, पण उद्या तिला पोरं होतील, त्यांना कोण सांगणार? ती तर कांदा पिशवीतच पिकतो म्हणतील.

हे बी माझ्या सासूबाईंचं. बुटका, गुलाबी कांदा, चाळीत दिवाळीपर्यंत हसत बसणारा. सासूबाईंनी दोन्ही सुनांना पदरात सारखं-सारखं घातलं होतं, मला नि धाकट्या जावेला, कुसुमला. सायखेड्याच्या शिवारात हे बी आता आमच्या दोनच घरांत. होतं म्हणायचं. गेल्या साली वैशाखात पाऊस कोसळला. वैशाखात! कुसुमचं बी गच्चीवर वाळत होतं, त्याला गच्चीवरच कोंब फुटले. तिनं पुढच्याला कांदाही ठेवला नव्हता. माझे ठेवणीतले कांदे दमट हवेनं चाळीत सडले. निवडून-निवडून सहा ओळींपुरते उरले, ते लावले. कांद्याचं बी एक वर्ष जगतं, दुसऱ्या वर्षी नुसती काळी माती. म्हणजे ह्या सहा ओळी भरल्या तर सासूबाई रानात आहेत. नाहीतर भिंतीवर, फोटोत.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. सगळ्या वस्तीला तिळगूळ वाटला, कुसुम सोडून. तिचं घर बांधापलीकडं, हाकेच्या अंतरावर. पण अकरा वर्षं हाक मारलेली नाही.

भांडण काय, तर असंच हळदीकुंकू होतं नि मी चार बायकांत म्हणाले, "कुसुमच्या बांधावर जायचं तर आधी गारुडी लागतो." बायका हसल्या. कुसुम वाण न घेता उठली. आता मला सांगा, खोटं काय बोलले? वाटणीत मधला बांध तिच्याकडे गेला, तेव्हापासून त्यावर कंबरमोडी, रानतुळस, घाणेरी, नावं नसलेलं काय-काय. माझे तीन बांध बघा. काडी सापडणार नाही. माणसाचं घर ओट्यावरून कळतं नि रान बांधावरून.

बोलत नाही म्हणजे अगदीच मुक्या नाही. मी म्हशीला सांगते, ती शेळीला सांगते. आज मी म्हशीला म्हटलं, "काही लोकांचं बी भिजलं म्हणे. मागायला आलं कुणी, तर आपण काय नाही म्हणणार आहोत का गं?" पलीकडून शेळीला सांगणं झालं, "आपण मेलो तरी मागायचं नाय बरं का, शेळे."

संजना म्हणते, कुसुमआजीच्या गुडघ्याला सूज आहे, रात्री शेकत बसते. हिला कसं कळलं कोण जाणे. कॉलेजात हल्ली सगळंच शिकवतात वाटतं.

थंडी औंदा आलीच नाही. गोधड्या काढल्या, उन्हात टाकल्या, घडी घालून परत ठेवल्या. कोकिळा पौषातच गळा साफ करते आहे.

२९ जानेवारी, गुरुवार

आंब्याच्या एका फांदीला मोहोर, दुसरीला वाटाण्याएवढ्या कैऱ्या, तिसरीला कोवळी पालवी. झाडालाच कळेना कोणता महिना चालू आहे. नदीपलीकडचा पळस शिमग्याची वाट न बघता पेटला. दिवाळीला नदीवर उतरणारी बदकं ह्या महिन्यात आली नि आल्या-आल्या जायची घाई करताहेत, पाहुण्याला चहा आवडला नाही तशी.

यादव म्हणाला, "आई, हवामान बदललंय." म्हटलं, "बदललं ते कळलं रे. बदलून काय झालं ते सांग." तर मोबाईल बघत बसला.

विहिरीवरच्या उंबराला माझ्या लग्नापासून मोहोळ असायचं. दोन सालं झाली, फांदी रिकामी. मी समजले, कुणीतरी मध काढून नेला असेल. आज सहज वर बघितलं, जुन्या पोळ्याचा डागसुद्धा पुसला गेलाय.

गोंडे अजून मिटलेले आहेत. दिवसाला दोनदा जाऊन बघते. संजना विचारते, "रोज काय बघतेस?" ती मोबाईल दिवसाला दोनशेदा बघते, मी विचारलं का?

१४ फेब्रुवारी, शनिवार

गोंडे उमलले. चांदणं सांडल्यासारखं रान दिसतं.

पण आवाज नाही. सासूबाई डोंगळ्यात शिरताना पदर तोंडावर घ्यायला सांगायच्या, इतक्या माश्या. विहिरीपाशी उभं राहिलं तरी घूं-घूं ऐकू यायचं. आज मी ओळीत पाट टाकून तासभर बसले. माश्या मोजल्या. एका हाताची बोटं पुरली, अंगठा उरला.

नऊ वाजताच चटका बसतो. पांढऱ्या फुलावर हात ठेवला तर कोरडं, कागदासारखं. संजनानं मोबाईलवर वाचून दाखवलं की माशी फिरली नाही तर डोंगळ्यात बी भरत नाही. नुसती पोकळ टरफलं. मी म्हटलं, "हे सांगायला मोबाईल कशाला? मला विचारायचं."

म्हशीला काही सांगितलं नाही आज.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

माशी नाही तर मी आहे. पहाटे ओल असते तेव्हा जुन्या लुगड्याचं मऊ धडपं हातात घेऊन गोंड्या-गोंड्यावरून हात फिरवते. ह्याची धूळ त्याला, त्याची ह्याला. शेकडो लेकरांच्या डोक्यावरून हात फिरवून आशीर्वाद दिल्यासारखं वाटतं. दोन ओळी झाल्या की पाठ म्हणते, लंकाबाई, तू माशी नाहीस. तीन सून करते, एक संजना करायचा प्रयत्न करते, म्हणजे फोटो काढते.

सुरुवात मधल्या बांधाकडच्या ओळीपासून करते. पहाटे हाताला जोर असतो.

२१ फेब्रुवारी, शनिवार

यादवनं माश्या भाड्यानं आणल्या. हसू नका. दिंडोरीकडचा शेखर म्हणून एक पेटीवाला आहे, डाळिंबवाल्यांना पेट्या देतो. रात्री टेम्पोतून चार पेट्या आणून ओळींच्या टोकाला ठेवल्या. सकाळी झाकण उघडलं नि त्या भसाभसा बाहेर पडल्या. वाटलं, गावात लग्नाचं वऱ्हाड उतरलं. मी हळदीकुंकू वाहिलं. शेखर म्हणाला, "आजी, कुंकू नको, त्यांना वास आवडत नाही. पाणी ठेवा." परातीत पाणी ठेवलं, बुडू नयेत म्हणून त्यात दगड.

चांगला आहे शेखर. म्हणतो, आधी पेट्या फाल्गुनात हलवायचो, आता माघातच पळापळ. फुलं लवकर येतात, लवकर जळतात. माश्या नि फुलं एकमेकांना चुकतात. म्हटलं, "एस.टी. चुकल्यासारखं." म्हणाला, "हो, पण ह्यात पुढची गाडी नसते."

२६ फेब्रुवारी, गुरुवार

हे लिही संजना, नि ठळक लिही.

भाडं आमचं, नि जेवायला कुसुमकडे!

चारही पेट्यांतल्या माश्या सकाळी घटकाभर माझ्या गोंड्यांवर बसतात, ऊन चढलं की सरळ मधल्या बांधावर. त्या कंबरमोडीच्या फुलांवर, रानतुळशीवर, कुसुमनं टाकून दिलेल्या धन्याच्या वाफ्यावर. मी परातीत पाणी ठेवलं, दगड ठेवले, कुंकूसुद्धा वाहिलं. त्यांना काही लाज?

शेखरला फोन लावला. तो म्हणाला, "आजी, तुमच्या रानात फूल एकच, तेही दहाला वाळतं. आज सदतीसच्या वर गेलंय. पोट भरायला त्यांना दुसरं काहीतरी लागतंच. तुमचे बांध फार स्वच्छ आहेत हो."

म्हटलं, "आहेतच!"

फोन ठेवल्यावर संजना माझ्याकडे बघून हसत होती. कशाला, ते सांगेना. जवळच बांधापलीकडून शेळीला आवाज आला, "शेळे, आपल्याकडं पाव्हणे आल्यात गं. कुणाच्या दारचे उपाशी हायत कोण जाणे."

म्हैस मेली रवंथ करत बसली होती. वेळेवर उपयोगाला येत नाही.

३ मार्च, मंगळवार

होळी. पुरण केलं. पोळ्या करताना सुनेला म्हटलं, कुसुमला पुरण पातळ लागतं, तिचे दात गेलेत. सून म्हणाली, "मग पाठवू का?" म्हटलं, "मी माहिती सांगितली." तरी एक वाटी कमी दिसली. मांजरानं नेली असेल. झाकणासकट.

गोंडे चाचपून बघितले. बांधाकडच्या तीन ओळींत हिरव्या बोंडांत दाणा लागतोय, बोटाला कडक. पलीकडच्या तीन ओळींत बरीच बोंडं दाबली की फस्स. म्हणजे पहाटेच्या हाताला जोर असतो ते खरं. दमल्यावर फिरवलेला हात देवालाही पोचत नाही.

संजना म्हणाली, "आजी, त्या तीन ओळी बांधाच्या जवळ आहेत." म्हटलं, "तेच तर मी सांगते, मी तिथूनच सुरुवात करते." ती म्हणाली, "बरं."

ह्या पोरीचं "बरं" मला आवडत नाही.

अर्धे गोंडे अजून उमलायचे आहेत. काय व्हायचं ते ह्या पंधरवड्यात.

८ मार्च, रविवार

रंगपंचमी. मागच्या तीन सालांचं एक सांगून टाकते, डायरीला सांगायला काय जातं. कुसुम रंगपंचमीला लेकाकडे नाशकात जाते. ती गेली की मी फवारणीवाल्या काळूकडून मधला बांध तणनाशकानं फवारून घेते. ती परत येते, बांध पिवळा. तिला वाटतं उन्हानं जळाला. बांध तिचा असला तरी डोळे माझे ना? रोज मलाच बघावा लागतो.

संजनानं लिहायचं थांबवलं. म्हणाली, "आजी, खरंच?" म्हटलं, "मग काय खोटं सांगू?" पेन डायरीत ठेवलं. मग म्हणाली, "आणि ह्या वर्षी?"

ह्या वर्षी मी काळूला काही सांगितलेलं नाही.

९ मार्च, सोमवार

सांगायला कशाला लागतं! काळूला पहिल्या सालीच बजावलं होतं, "रंगपंचमी झाली की दुसऱ्या दिवशी यायचं, दरसाल मला सांगायला लावू नको." शहाणा माणूस. सकाळी सातला हजर.

मी पाचव्या ओळीत धडपं घेऊन उभी. बघते तर बांधाच्या टोकाला काळू पाठीवर पंप चढवतोय, खिशात गाणी जोरात. आणि बांधावर माश्या. नुसत्या पेटीतल्या नाही हो, सकाळच्या उन्हात दिसल्या, बारीक फुलोरी माश्या, उंबरावर असायच्या त्या. घाणेरीच्या काटकीला हाताच्या पंजाएवढं पोळं लोंबत होतं. उंबर सोडून त्या तिथं राहायला गेलेल्या. माझ्या स्वच्छ रानातून उठून कुसुमच्या उकिरड्यात.

मी ओरडले. गाण्यात त्याला ऐकू येईना. मग पळाले. बहात्तर वर्षांची बाई पळते म्हणजे काय, चपला मागं, पदर काट्याला, नि मी पुढं. बांधावर चढले, पाय घसरला, तशीच त्याच्यासमोर तणात बसले.

"मार," म्हटलं, "आधी माझ्यावर मार."

काळू घाबरला. "मावशी, तुम्हीच सांगितलं ना! तीन सालं मारतोय, कधी नाय म्हणल्या नाय!"

"हळू बोल!"

"हळू कशाला? कुसुममावशी नाशकात हाय ना?"

तेवढ्यात मागं शेळीची घंटी वाजली.

कुसुम नाशकात गेली नव्हती. गुडघ्यानं जाऊच शकली नव्हती. काठी घेऊन उभी, नि सगळं ऐकलेलं. काळूनं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "मी चहा पिऊन येतो," नि पंपासकट गेला तो गेलाच.

कुसुम शेळीला म्हणाली, "शेळे, बघ गं, औंदा आपल्या तणात काय उगवलंय."

आता माझी म्हैस गोठ्यात. मी सांगू कुणाला?

"कुसुम," म्हटलं, "हात दे. उठता येईना."

ती हलली नाही. म्हणाली, "तीन सालं मी काय आंधळी हाय का? उन्हानं जळाल्याला वास येत नाय, बाई. औषधाला येतो."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर बोलावं लागलं असतं."

माझ्या अंगावर दोन माश्या बसल्या होत्या, त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हटलं, "चुकलं माझं. बांधाचंही नि गारुड्याचंही."

"अकरा वरसं लागली?"

"विचार करत होते."

तिनं काठी पुढं केली. काठी धरून उठले, तशी तीच पडायला लागली, मग मी तिला धरलं. आम्ही दोघी मिळून एक धड बाई झालो नि ओळीपाशी गेलो. तिनं गोंडे चाचपले. सासूबाई चाचपायच्या तसेच, दोन बोटांनी, डोळे मिटून.

म्हटलं, "भरलं तर अर्धं तुझं."

"न भरलं तर?"

"न भरलं तर सगळं तुझं."

तेव्हा कुठं बया हसली. पण तोंड फिरवून.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. कुसुम सकाळपासून इथंच. स्टुलावर बसून गोंड्यांवरून हात फिरवते नि मला कामाला लावते. तिच्या मते मी कधीच नीट हात फिरवला नाही. माझ्या मते ती बसून सांगते, त्यामुळे तिला जग सोपं वाटतं.

काळूला नवं काम दिलं. माझ्या विहिरीकडच्या बांधाला धने, मोहरी, बडीशेप टोचायची. तो डोकं खाजवत म्हणाला, "आता हे पण फवारायचं का नंतर?" कुसुम इतकी हसली की काठी पडली.

मला मात्र बांध बघवत नाही. ओबडधोबड. सवय लागेल म्हणतात. डोळ्यांना कोण समजावणार?

संजना नि कुसुम एकमेकींशी काय-काय कुजबुजतात. इतक्या लवकर ओळख कशी झाली, आश्चर्य आहे.

४ एप्रिल, शनिवार

मोबाईलनं सांगितलं, उद्या गारा. चैत्रात गारा! खालच्या गोंड्यांत बी काळं झालंय, वरच्यांत अजून तपकिरी. आज कापलं तर कच्चं, उद्या ठेवलं तर मातीत.

आम्ही दोघी दिवसभर भांडलो. कुसुम म्हणे, "काप." मी म्हणे, "दोन दिवस थांब, सासूबाई पूर्ण काळं झाल्याशिवाय विळा लावत नव्हत्या." कुसुम म्हणाली, "सासूबाईंच्या येळी चैत्रात गारा होत्या का? त्यांचं बी ठेव, त्यांचा नियम सोड."

मी हट्ट सोडला नाही. मग असं ठरलं, बांधाकडच्या तीन ओळी आज कापायच्या, पलीकडच्या तीन माझ्या हट्टाला ठेवायच्या. यादव, सून, संजना, सगळे लागले. अंधार पडायच्या आत गोंडे कुसुमच्या ओसरीवर पसरले. माझ्या ओसरीवर ट्रॅक्टर असतो.

५ एप्रिल, रविवार

चार वाजता आल्या. लिंबाएवढ्या. दहा मिनिटं.

माझ्या तीन ओळी झोपल्या. दांडे मधूनच मोडले, बी चिखलात काळ्या साखरेसारखं. वेचायला गेले, चिमूटभर हाती लागलं, तेही फुगलेलं.

कुसुम काही बोलली नाही. "मी म्हणले होते" असंसुद्धा नाही. ह्यावरून समजलं की तिला खरंच वाईट वाटलं. माझ्या पाठीवर हात ठेवला, नि थोड्या वेळानं शेळीला म्हणाली, "शेळे, हिला सांग, चहा ठेवलाय."

बांधावरचं फुलोरी पोळं मात्र घाणेरीच्या आडोशाला शाबूत. पावसात तिथं जाऊन बघून आले. का, ते विचारू नका.

१८ एप्रिल, शनिवार

गोंडे वाळले, चुरले, सुपानं पाखडले. मग बादलीत टाकून बघितलं. पोकळ वर, भरलेलं तळाला. भरलेलं लगेच काढून चादरीवर पसरलं. सगळं मिळून एक शेर नि वर ओंजळभर. एके काळी आम्ही दोघी पोत्यानं धरायचो.

पण काळं कुळकुळीत. संजना म्हणाली, "एवढंसंच?" कुसुम म्हणाली, "पोरी, आम्हाला सासूनं दिलं ते ह्याच्याहून कमी होतं." खोटं आहे. जास्त होतं. पण मी मान हलवली.

आता खरी परीक्षा राहिली. बी कच्चं कापलेलं. दिसायला काळं आहे, पण आत जीव आहे का, ते उगवल्याशिवाय कळत नाही. नसेल तर हा शेर म्हणजे नुसती राख.

वाटणी मात्र केली. दोन डबे. यंदा दोघींनी एकाच तारखेला बी पेरायचं नाही, असं कुसुमचं म्हणणं. एकीनं दसऱ्याला, एकीनं दिवाळीनंतर. ऋतूचा भरवसा नाही, तर एकीची तरी वेळ साधेल. पटलं मला. पण पहिली कोण, ह्यावर संध्याकाळ गेली. ती म्हणते, "तू मोठी, तू आधी." कामाच्या वेळी बरी मी मोठी असते.

२८ एप्रिल, मंगळवार

ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडले. मी विसा-विसानं मोजते, पाच ओळी, ओळीला एक वीस. वर दुसरं ओलं गोणपाट, नि ते सगळं माझ्या माजघरात, माठाच्या सावलीला. बाहेर बेचाळीस आहे.

कुसुम दिवसातून तीनदा पाणी शिंपडायला येते. मी शिंपडलं म्हटलं तरी परत शिंपडते. म्हटलं, "बुडवून मारशील." म्हणाली, "तुझ्या हातचं पाणी मला ठाऊक हाय, आमटीत पण कमीच."

२ मे, शनिवार

पाचवा दिवस. दोघी गोणपाटाशी बसलो. मी वरचं उचललं. कुसुमनं डोळे मिटून घेतले, एवढी मोठी बाई.

फुटले होते! पांढरे-पांढरे, वाकलेले, आळसावलेल्या पोरांसारखे. संजनानं आमचा फोटो काढला, नि यादव दारातूनच मान उंचावून बघत होता.

मोजले. माझ्या मोजणीनं चार विसा नि एक. कुसुमच्या मोजणीनं चार विसा नि तीन.

"हे दोन फुटलेलेच नाहीत," म्हटलं, "नुसती साल चिरली आहे."

"चिरली म्हणजे फुटायला निघालं. तुझ्या डोळ्याला पडदा हाय."

"तुझ्या डोळ्याला लोभ आहे."

बराच वेळ चाललं. संजना मध्ये पडली, तर दोघींनी तिला गप्प केलं. शेवटी ठरलं, ते दोन दाणे तसेच ओल्यात ठेवायचे. उद्या सकाळी कुसुम येईल तेव्हा तिच्यासमोरच उघडायचं, तोवर कुणी हात लावायचा नाही. तिनं मला शपथ घातली.

ती गेली, संजनाला बोलावलं नि मी गोणपाट उघडून बघितलं.

दोन्ही फुटलेत. चार विसा नि तीन.

परत होतं तसं झाकून ठेवलं, वर पाणी शिंपडलं. संजना म्हणते, आत्ताच जाऊन कुसुमआजीला सांगते. म्हटलं, खबरदार. उद्या तिचं तिला बघू दे. मला हरवल्यावर ती कशी हसते, ते मला बघायचंय.